नेम, संस्कार आणि सोबत

मराठी वाचकाला कॅथलिक माणूस साधारणपणे तीन ठिकाणी भेटतो. एक, माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये, बुधवारी. दुसरे, वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेत, सप्टेंबर महिन्यात. आणि तिसरे, नाताळात शेजारून आलेल्या केक-करंज्यांच्या ताटात. माहीमची बुधवारची नोव्हेना १९४८ पासून चालू आहे आणि तिला येणाऱ्यांत ख्रिस्ती किती नि इतर किती, याचा हिशेब माउलीने कधी मागितलेला नाही. कुणाला नोकरी हवी असते, कुणाला मूल, कुणाला मुंबईत डोक्यावर छप्पर. घर हवे असेल तर मेणाचे घर वाहायचे, पाय दुखत असेल तर मेणाचा पाय. या श्रद्धेला मी नावे ठेवणार नाही. नडलेल्या माणसाने हात जोडले तर त्याची चेष्टा करण्याचा अधिकार न नडलेल्याला नसतो.

पण आज मला लिहायचे आहे ते बुधवारबद्दल नव्हे, गुरुवारबद्दल. मागणे मागून झाले, मेणबत्ती विझली, गर्दी लोकलने आपापल्या घरी गेली, की जो साधा, बिनसणाचा दिवस उरतो त्या दिवशी कॅथलिक माणूस आपला धर्म कसा जगतो? माझे म्हणणे असे की, कुठल्याही धर्माची खरी परीक्षा या गुरुवारी होते. आणि आम्हा वसईकर कॅथलिकांपुरते बोलायचे, तर सणावारी आम्ही पहिल्या वर्गात पास होत आहोत. गुरुवारच्या पेपरात मात्र आमचे गुण घसरू लागले आहेत.

आधी नेमाचे सांगतो. वसईच्या वाड्यांमध्ये दिवेलागणीला चर्चची घंटा होई. दिवसातून तीनदा होणाऱ्या आंजेलुसच्या घंटेपैकी ही शेवटची. शेतातला माणूस हातातले दारे सोडून उभा राही, डोक्यावरची टोपी काढी आणि एक छोटी प्रार्थना म्हणे. मग घरी परतल्यावर हातपाय धुऊन सगळे वेदीपुढे बसत. ‘वेदी’ हा शब्द मोठा वाटेल. प्रत्यक्षात भिंतीवरची एक फळी, तिच्यावर क्रूस, पवित्र मरियेची तसबीर, एक मिणमिणता दिवा आणि परसातली अबोली. तिथे रोझरी म्हणजे जपमाळ व्हायची. पाच दशकांची माळ, त्यात ‘नमो मारिया’ ही एकच प्रार्थना त्रेपन्न वेळा. म्हातारी माणसे अर्धी प्रार्थना म्हणत, उरलेली अर्धी बाकीच्यांनी म्हणायची. लहान मुले तिसऱ्या दशकापर्यंत पेंगायची आणि चौथ्याला आजीचा चिमटा बसायचा. शेवटी मुलांनी वडीलधाऱ्यांकडे जाऊन आशीर्वाद मागायचा. ज्याच्याशी दिवसभर भांडण झाले असेल त्या मोठ्या भावाकडेही.

त्रेपन्न वेळा तेच तेच कशाला, असा प्रश्न शहाण्या माणसाला पडतो. मलाही कॉलेजात असताना पडत असे. पण वारकरी हरिपाठ रोज नवा लिहीत नाही आणि आई मुलाला रोज नवे नाव ठेवत नाही. पुनरुक्ती हा घरच्या प्रेमाचा स्वभाव आहे. शिवाय जपमाळेत एक सोय आहे. प्रार्थना ओठांवर चालू असते आणि मनापुढे ख्रिस्ताच्या आयुष्यातले प्रसंग एकेक करून येत असतात : जन्म, दुःखभोग, पुनरुत्थान. २००२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांत आणखी पाच प्रसंगांची भर घातली, त्यांत कानाच्या लग्नातला द्राक्षारसही आला. म्हणजे निरक्षर आजीच्या हातातली माळ हे तिचे बायबल होते. ती पाने न उलटता रोज ते वाचत होती.

या नेमाचे मोल इतिहासाने दाखवून दिले आहे. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि त्यांच्या सत्तेबरोबर हा धर्म इथे रुजला, हे लपवण्यात अर्थ नाही. सत्तेबरोबर येणाऱ्या धर्मात जे बरेवाईट असते ते त्यातही होते. पण १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि ती सत्ता गेली. किल्ल्यातली मोठमोठी चर्चे हळूहळू उजाड झाली. आज त्यांच्या छपराविना उभ्या भिंतींपुढे लग्नाआधीची छायाचित्रे काढली जातात. राजाश्रय गेल्यावर धर्मही जायला हवा होता. तो गेला नाही. गोव्याकडून आलेल्या देशी धर्मगुरूंनी गावोगावची चर्चे सांभाळली आणि धर्मगुरू पोचत नव्हते तिथे, माझ्या समजुतीप्रमाणे, या फळीवरच्या वेदीने धर्म सांभाळला. ज्या श्रद्धेला किल्ला राखू शकला नाही ती एका मिणमिणत्या दिव्याने राखली.

आता तो दिवा कुठे आहे? वेदी आहे; पूर्वीपेक्षा देखणी आहे. संगमरवरी आहे, तिला विजेची माळ आहे, ती अहोरात्र पेटलेली असते. फक्त तिच्यापुढे बसायला सात वाजता घरात कुणी नसते. कुणी विरार लोकलमध्ये लटकलेला असतो, कुणी क्लासला, कुणी फोनमध्ये. चार माणसे चार वेळांना जेवतात, तिथे एकत्र प्रार्थनेची काय कथा! यात दोष देण्याजोगा खलनायक कुणी नाही. शेती गेली, वाडीच्या जागी इमारत आली, नोकरी अंधेरीला गेली. वेळेचा हा प्रश्न खराच आहे. पण वेळ नाही असे म्हणणारे आम्हीच रात्री दोन दोन तास मालिका पाहतो, हेही तितकेच खरे आहे.

नेमानंतर संस्कार. कॅथलिक चर्च सात संस्कार मानते : बाप्तिस्मा म्हणजे स्नानसंस्कार, दृढीकरण, ख्रिस्तशरीराचे सेवन म्हणजे कम्युनियन, पापनिवेदन, रुग्णाभ्यंग, गुरुदीक्षा आणि विवाह. पाणी, तेल, भाकर, द्राक्षारस, डोक्यावर ठेवलेला हात, तोंडाने दिलेले वचन. सारी सामग्री घरगुती आहे. देव माणसाकडे येतो तो माणसाच्या रोजच्या वस्तू हातात घेऊन, असा यामागचा विश्वास आहे.

मी आयुष्याची उमेदीची वर्षे बँकेत काढली. त्यामुळे मला चर्चमधली एक गोष्ट फार आवडते, ती म्हणजे बाप्तिस्म्याची नोंदवही. १५६३ मध्ये संपलेल्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेपासून अशा नोंदी ठेवण्याची शिस्त जगभर लागली. मूल ज्या चर्चमध्ये बाप्तिस्मा घेते तिथे त्याच्या नावाचे पान उघडते. पुढे त्याचे दृढीकरण कुठेही होवो, लग्न नागपूरला होवो की न्यूझीलंडला, तिथून कळवले जाते आणि मूळ चर्चच्या त्या जुन्या नोंदीशेजारी समासात ते टिपले जाते. म्हणजे माणूस जगभर हिंडला तरी त्याचे खाते मूळ शाखेतच राहते. बँकेत खाते चालवले नाही तर ते निष्क्रिय होते. इथे चाळीस वर्षांनी परतलेल्या माणसाचेही पान उघडून मिळते, दंड न आकारता.

पण या खात्यात आम्ही भरणा कशाचा करतो? प्रथम कम्युनियनचा समारंभ घ्या. पूर्वी मुलांना त्यासाठी पुष्कळ मोठे होईपर्यंत थांबावे लागे. १९१० साली पोप दहावे पायस यांनी सांगितले की, साधारण सातव्या वर्षी, मूल या भाकरीचा आणि रोजच्या भाकरीचा फरक ओळखू लागले की पुरे. लेकरांना लवकर जवळ करावे, एवढाच साधा हेतू. आज त्या लेकराच्या अंगावर छोट्या नवरीचा पोशाख असतो, हॉल घेतलेला असतो, छायाचित्रकार वेदीच्या आणि मुलाच्या मध्ये उभा असतो. मुलाला विचारा, त्या दिवशी काय मिळाले? ते भेटवस्तूंची यादी सांगते. चूक मुलाची नाही. आपण त्याला जे दाखवले तेच त्याने पाहिले. लग्नांबद्दल तर बोलायलाच नको. कर्जाचा अर्ज घेऊन समोर बसलेला बाप मी पुष्कळदा पाहिला आहे. सर्व जातिधर्मांतला. लेकीच्या लग्नात चारशेऐवजी दोनशे पाने वाढली तर नाक कापले जाईल, ही भीती सर्व धर्मांत एकसारखी आहे. चर्च मात्र लग्नासाठी दोन वचने आणि दोन साक्षीदार, एवढ्यावर समाधानी असते.

याच्या उलट, ज्या संस्कारात खर्च शून्य त्याच्याकडे आम्ही पाठ फिरवतो. तो म्हणजे पापनिवेदन. गंभीर पाप केले असेल तर वर्षातून निदान एकदा धर्मगुरूपुढे जाऊन ते कबूल करावे, असा चर्चचा नियम आहे. इतर धर्मीय मित्रांना याचे मोठे कुतूहल असते. ‘तुमचे बरे आहे. पाप करा, सांगा, मोकळे व्हा!’ असे ते म्हणतात. इतके सोपे ते नाही. चोरी केली असेल तर चोरलेले परत करावे लागते, कुणाची बदनामी केली असेल तर तिची भरपाई करायचा प्रयत्न करावा लागतो. पश्चात्ताप आणि सुधारण्याचा निश्चय नसेल तर क्षमेचे शब्द कानावर पडून उपयोग नाही. आणि गुप्ततेबद्दल सांगायचे, तर बँकेने ग्राहकाची माहिती गुप्त ठेवायची असते, पण कोर्टाचा हुकूम आला की वही उघडावी लागते. पापनिवेदनात ऐकलेले धर्मगुरूने कुणाच्याही हुकमावरून उघड करायचे नसते. आज माणसे मन मोकळे करण्यासाठी अनोळखी लोकांपुढे फोनवर काय काय लिहितात आणि मग तेच जन्मभर त्यांच्या मागे लागते. अशा काळात, स्वतःचा दोष स्वतःच्या तोंडाने, हळू आवाजात, एका माणसाला सांगण्याची आणि तो तिथेच मिटण्याची ही सोय आपण का टाकून द्यावी, हे मला कळत नाही.

आता सोबतीकडे येतो, कारण नेम आणि संस्कार ज्या मातीत रुजतात ती माती म्हणजे धर्मग्राम. एका चर्चभोवतीची वस्ती, तिचा एक प्रमुख धर्मगुरू, असे अनेक धर्मग्राम मिळून बिशपांचा धर्मप्रांत. आमचा वसई धर्मप्रांत १९९८ साली मुंबईपासून वेगळा झाला. धर्मग्राम या शब्दातला ‘ग्राम’ मला मोलाचा वाटतो. मंदिरात माणूस आपल्या सवडीने एकटा जाऊन दर्शन घेऊ शकतो. मिस्सा मात्र स्वभावतःच पंगत आहे. तिथे शेजारी कोण बसावे हे तुम्ही ठरवत नाही. कम्युनियनच्या आधी एक क्षण असा येतो की, प्रत्येकाने शेजारच्याला शांतीची खूण करायची, नमस्कार करायचा. आदल्या दिवशी ज्याच्याशी नळाच्या पाण्यावरून वाद झाला तोच शेजारी असतो, हा धर्मग्रामाचा नियमच म्हणा ना!

माझे वडील १९९८ च्या पावसाळ्यात गेले. शेवटच्या आठवड्यात फादर घरी येऊन त्यांच्या कपाळाला आणि तळहातांना तेल लावून रुग्णाभ्यंग देऊन गेले. निधनानंतर आमच्याकडे सात संध्याकाळी घरी प्रार्थना असते. वाडीतली माणसे जमतात, जपमाळ होते, मग सुंठीची कॉफी. त्या वर्षी वाडीत प्रार्थना चालवण्याची जबाबदारी ज्यांच्याकडे होती त्या काकांशी आमचा बांधावरून अकरा वर्षे वाद चालू होता. तीन फूट जमीन. कोर्टात तारखा पडत होत्या, दोन्ही घरांत बोलणे बंद होते. पहिल्या संध्याकाळी आम्ही गृहीत धरले होते की दुसरेच कुणी येईल. काकाच आले. छत्री दाराबाहेर उभी केली, कुणाकडे न पाहता वेदीपुढे गुडघे टेकले आणि सुरुवात केली. सातही दिवस आले. वडिलांचे नाव घेण्याची जागा येई तिथे ते नाव त्यांनी स्पष्ट, पूर्ण घेतले. दावा त्यानंतरही चालूच राहिला; तो निकाली निघायला आणखी चार वर्षे लागली आणि निकाल काही आमच्या बाजूने लागला नाही. पण बोलणे आठव्या दिवशी सुरू झाले. काकांना कुणी समजावले नव्हते, कुणी मध्यस्थी केली नव्हती. पाळी त्यांची होती, एवढेच कारण. भावनेच्या भरात माणूस मोठेपणा एखाद्या वेळी दाखवतो. पाळीमुळे दाखवलेला मोठेपणा मला अधिक टिकाऊ वाटतो. धर्मग्राम नसता तर त्यांना आमच्या उंबऱ्यावर यायला निमित्तच नव्हते.

या सोबतीतून नुसत्या प्रार्थना निघालेल्या नाहीत. १९१८ साली वसईत मोन्सिन्योर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंनी सहकारी पतव्यवहाराची सुरुवात केली. तीच पुढे बॅसीन कॅथलिक बँक झाली. मी दुसऱ्या बँकेत होतो, त्यामुळे हे निःपक्षपातीपणे सांगू शकतो की, शेजाऱ्याच्या सहीवर शेजाऱ्याला पत मिळणे ही कल्पना ज्या वस्तीत माणसे दर रविवारी एकमेकांना पाहतात तिथेच नीट चालते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिक अनेक वर्षे मराठीत चालवले, ‘सुबोध बायबल’ लिहिले, हरित वसईच्या चळवळीत सर्व धर्मांच्या माणसांबरोबर रस्त्यावर उतरले आणि २०२० साली उस्मानाबादच्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या, मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. २०२४ च्या जुलैमध्ये ते गेले. त्यांचे मोठेपण त्यांचे स्वतःचे होतेच. पण ते वसईच्या अशाच एका वाडीत वाढले होते, हेही विसरू नये.

धर्मग्रामाविरुद्ध दोन आक्षेप मी नेहमी ऐकतो. पहिला असा की, देव सगळीकडे आहे, मग रविवारी चर्चलाच कशाला जायचे? २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली आणि महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळे बंद झाली. ती त्या वर्षीच्या दिवाळी पाडव्याला उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा मिटली आणि २०२१ च्या ऑक्टोबरात पुन्हा उघडली. त्या काळात मिस्सा पडद्यावर आली. ते योग्यच झाले. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी ती सोय आजही मोठी आहे. पण काही धडधाकट माणसे तेव्हापासून सोफ्यावरच राहिली. चहाचा कप हातात धरून मिस्सा पाहतात, प्रवचन लांबले तर पुढे सरकवतात. मला त्यांना एवढेच सांगायचे आहे की, पंगतीचे चित्रीकरण पाहून कुणाचे पोट भरल्याचे मी अजून ऐकलेले नाही. शिवाय तुम्ही चर्चला जाता ते फक्त तुमच्यासाठी नव्हे. तुमच्या बाकावर तुम्ही दिसला नाहीत म्हणजे कुणीतरी तुमच्या घरी चौकशीला येणार असते. पडद्याला तुमची गैरहजेरी कळत नाही.

दुसरा आक्षेप जड आहे. धर्मगुरूच चुकले तर? जगभरच्या कॅथलिक चर्चमध्ये मुलांवरील अत्याचाराची प्रकरणे उघडकीला आली, आणि ती वर्षानुवर्षे दडपली गेली होती, ही त्याहून वाईट गोष्ट. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी अशा तक्रारी वरिष्ठांकडे कळवणे धर्मगुरूंना आणि धर्मभगिनींना बंधनकारक केले. संस्काराची परिणामकारकता तो देणाऱ्याच्या साधुत्वावर अवलंबून नसते, असे आमचे धर्मशास्त्र सांगते आणि ते मला पटते. नळ गंजका असला तरी पाणी विहिरीचे असते. पण म्हणून नळ गंजू द्यावा असे धर्मशास्त्र सांगत नाही. धर्मग्राम ही फादरांची जहागीर नाही. प्रत्येक धर्मग्रामात हिशेबासाठी अर्थसमिती असलीच पाहिजे, असा चर्चचा कायदा आहे. तिच्यात जाणकार प्रापंचिकांनी बसायचे असते. तिथे बसून माना डोलावणारे आणि बाहेर येऊन कुजबुजणारे, असे आपण असू तर गंजाला आपणही जबाबदार आहोत. २०२१ ते २०२४ या काळात पोप फ्रान्सिस यांनी जगभरच्या धर्मग्रामांना एकत्र बसून एकमेकांचे ऐकायला सांगितले. ऐकण्याची सवय रोमहून आयात होत नाही; ती आपल्या चर्चच्या सभागृहातच लावावी लागेल. आणि त्या सभागृहात बायकांचे ऐकले जावे. २०२१ पासून वाचक आणि वेदीसेवक ही पदे स्त्रियांना रीतसर खुली झाली; पण चर्च झाडण्यापासून मुलांना धर्मशिक्षण देण्यापर्यंतची कामे त्या त्यापूर्वीही करतच होत्या.

एक गोष्ट राहिली. ती मराठी माणसाच्या जिव्हाळ्याची आहे. फादर स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि त्याने ओवीछंदात मराठी ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली रायतूरला छापले गेले. तरी मिस्सा मात्र लॅटिनच राहिली. माझ्या आजीने अर्धे आयुष्य न कळणाऱ्या भाषेत ‘आमेन’ म्हणत काढले. १९६२ ते ६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेला दार उघडले, धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले आणि वेदीवरून मराठी ऐकू आली. साडेतीनशे वर्षे वाट पाहून जे मिळाले ते आम्ही दोन पिढ्यांत परत करायला निघालो आहोत. मुले इंग्रजी शाळांत जातात. त्यांना मराठी मिस्सा ‘कळत नाही’, म्हणून आईबाप त्यांना इंग्रजी मिस्सेला नेतात. वसईत केरळ, मंगळूर, गोव्याची कुटुंबे आता शेजारी आहेत. त्यांच्यासाठी इतर भाषांत मिस्सा हवीच. पण आपल्या नातवाला ‘नमो मारिया’ आजीच्या भाषेत येत नसेल, तर आजी आजारी पडल्यावर तो तिच्या उशाशी बसून म्हणणार काय? प्रार्थनेची भाषा ही शेवटच्या दिवसांची भाषा असते. तेव्हा माणसाला शाळेत शिकलेले आठवत नाही.

मग करायचे काय? मोठ्या योजना मला सुचत नाहीत. नोकरीत त्यांची परिपत्रके पुष्कळ वाचली आहेत. चार लहान गोष्टी सांगतो. रोज अख्खी जपमाळ जमत नसेल तर एक दशक म्हणा. पाच मिनिटेही लागत नाहीत. रात्री दहाला म्हणा, पण घरातले सगळे मिळून, आणि आजीच्या भाषेत. दुसरे, प्रथम कम्युनियनचा समारंभ चर्चच्या आवारात सगळ्या मुलांचा मिळून एकच करा. श्रीमंताच्या आणि गरिबाच्या मुलाने एकच केक खावा. तिसरे, धर्मग्रामाचा जमाखर्च दर तीन महिन्यांनी चर्चच्या दारावरच्या फलकावर लावा. देवाच्या पैशाला उजेडाची भीती नसावी. आणि चौथे, सर्वांत निकडीचे. प्रत्येक वाडीने आणि प्रत्येक इमारतीने एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची यादी करावी. आमची मुले आखातात, कॅनडात, इस्रायलमध्ये आहेत. मोठ्या बंगल्यांत एकेक दोनदोन म्हातारी माणसे टीव्हीच्या आवाजाच्या सोबतीने राहतात. दर रविवारी त्यांच्यापर्यंत कम्युनियन पोचले पाहिजे आणि ते नेणाऱ्याने दहा मिनिटे बसून यायला हवे. औषधे संपली का, विजेचे बिल भरले का, हेही विचारायला हवे. तेही त्या संस्काराचाच भाग आहे, असे मी मानतो.

ही यादी वाचून एखादा वाचक म्हणेल की, यात कॅथलिक असे काय आहे? घरात एकत्र बसणे, समारंभ आटोपशीर करणे, हिशेब उघडा ठेवणे, म्हाताऱ्यांची विचारपूस. हे तर कुणालाही लागू आहे. लागू असेल तर आनंदच आहे. तुमच्याकडे हरिपाठ असेल, नमाज असेल, वंदना असेल. गुरुवारचा पेपर सगळ्यांनाच आहे. मी माझ्या घरच्या भाषेत तो सोडवून दाखवला इतकेच. आमच्यापुरते म्हणायचे तर आमच्या चर्चची घंटा अजून रोज तीनदा होते. तिचा आवाज नव्या इमारतींमुळे पूर्वीइतका लांब जात नाही, हे खरे. पण आठव्या मजल्यावरही खिडकी उघडी ठेवली तर तो ऐकू येतो.